तोंडं नसलेली माणसं

"तुमच्या माणसांना तोंडं का नसतात?"

प्रश्न माझा नव्हता. क्लेमी आणि नेलनं पैज लावली होती, की वरच्या गल्लीतल्या चित्रं काढणाऱ्या विनिफ्रेड रेडफर्नबाईंचं दार वाजवायचं आणि तोंडावर हे विचारून दाखवायचं. नाही जमलं तर वर्षभर शाळेच्या बसमधली खिडकीची जागा त्यांची. दोघी समोरच्या दगडी भिंतीआड दबा धरून बसल्या होत्या आणि नेलचं दाबून धरलेलं खिदळणं मला दारापर्यंत ऐकू येत होतं.

मी विचारलं, कारण त्या वसंतात मी कुणालाही काहीही विचारत सुटले होते. दोन वर्षं माझ्या दातांवर तारा होत्या आणि ती दोन वर्षं मी ओठ मिटून काढली. तारा निघाल्या आणि साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. बाबा म्हणायचे, "हेस्टर, त्या परत बसवून मिळतात का विचार ना जरा." त्यात ईस्टरला गावानं मला यंदाची विहिरीची राणी म्हणून निवडलं. दर जूनला गाव आपल्या विहिरीवर पाकळ्यांनी भरलेला चित्राचा फळा उभा करतं, आणि त्याच्यावरचा पडदा ओढायचा मान त्या राणीचा. मग काय, मॅपरडेल गाव माझंच होतं.

दार उघडलं ते एका एवढ्याशा म्हातारीनं, कुणा पुरुषाचा असावा असा मोठा स्वेटर घालून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या कानाकडे बघितलं.

"कारण मला दिसली तेव्हा नव्हती," त्या म्हणाल्या. "जे नव्हतं ते कुठून काढू? आत ये. आणि भिंतीमागच्या त्या दोघींनाही बोलाव, एकीला दमा आहे वाटतं."

दोघींनी धूम ठोकली. मी आत गेले.

रेडफर्नबाईंबद्दल आम्हाला काय माहीत होतं ते आधी सांगते, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. गावात त्यांना देवदूतवाली विनी म्हणत. त्यांचं एक चित्र शाळेच्या जिन्यात लावलेलं होतं, त्यांनीच भेट दिलेलं. बारकी पोरं घाबरतात म्हणून ते काढलं आणि खाली बॉयलरच्या खोलीत फरशी पुसायच्या बादल्यांमागे ठेवलं. बाबा शाळेत होते तेव्हा याच बाई जेवणाच्या सुट्टीत पोरांच्या ताटात कस्टर्ड वाढायच्या. लंडनमध्ये ज्यांची चित्रं भिंतीवर लागली होती, त्या बाई. गावानं त्यांच्या हातात डाव दिला आणि वर म्हटलं, बरं झालं, कामाला लागली एकदाची.

यंदा मात्र लंडनच्या एका मोठ्या गॅलरीनं त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. पेपरात पानभर आलं, द्रष्ट्या चित्रकार वगैरे. आणि दुसऱ्या आठवड्यात बादल्यांमागचं चित्र वर आलं, त्यावर काच बसली, खाली पितळी पट्टी लागली. भांडी पुसायच्या फडक्यांवर त्यांची माणसं छापून पोस्टात विकायला आली. विहीर समितीचे अध्यक्ष बॅगशॉकाका, ज्यांनी आयुष्यभर त्यांचं कुंपण वाढल्याच्या तक्रारी केल्या, ते पबमध्ये "आमची विनिफ्रेड, आमची विनिफ्रेड" करायला लागले. आमची म्हणे.

तर मी आत गेले. जिन्यावर, पलंगाखाली, सिंकच्या बाजूला, सगळीकडे चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. "हवं ते फिरव," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

मी एक फिरवलं. आमचीच टेकडी, विहिरीच्या मागची, पण पाव मधोमध फोडावा तशी उघडलेली. आतून माणसं बाहेर चालत येताहेत. बायका, पुरुष, साधे कपडे. प्रत्येकाच्या छातीत दिवा, खिडकीच्या पडद्याआड असतो तसा. चेहरे फिकट. कपाळ, डोळे, नाक, आणि नाकाखाली काही नाही, नव्या गिलाव्यासारखं सपाट.

मला वाटलं होतं भीती वाटेल. झालं उलटंच. मी गप्प झाले, आणि माझ्या बाबतीत ही बातमीच आहे. ती माणसं माझं ऐकत होती. म्हणजे मी काही बोलत नव्हते, तरीसुद्धा.

"सात वर्षांची होते," रेडफर्नबाई मागून म्हणाल्या. "पाण्याचा जग घेऊन विहिरीवर गेले होते. टेकडी उघडली आणि ती आली. माझ्या बाजूनं गेली. एक बाई वाकली माझ्यापाशी."

"काय म्हणाली?"

"कशानं म्हणेल, बाळा?"

"हो की," मी म्हणाले. "मग?"

"मग काय. ऐकलं तिनं. मला आजवर तसं कुणी ऐकलेलं नाही. त्या पाच मिनिटांची चित्रं काढण्यात माझे सत्तर-ऐंशी हिवाळे गेले, अजून जमलेली नाहीत. साखर किती?"

मी रोज जायला लागले. परीक्षेचा अभ्यास आहे असं घरी सांगायचं आणि वरच्या गल्लीत जायचं. अभ्यास तिथंही व्हायचा, अधूनमधून. त्यांच्याकडून थोडं थोडं कळत गेलं. शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनला शिकल्या, चित्रं लागली, विकलीही गेली. मग फॅशन पालटली. गॅलरीवाल्यांना पट्टे हवे झाले, रंगीत चौकोन हवे झाले, यांना म्हणाले, माणसं काढणं जुनं झालं. एका कॉलेजात शिकवायला लागल्या, तर तिथून काढलं, कारण त्या मुलांना चित्राआधी तासभर नुसतं बसायला लावायच्या. कॉलेजचं म्हणणं, मुलं फी भरतात ती बसायची नाही. आई आजारी पडली म्हणून गावी आल्या, आणि मग कस्टर्ड.

हे सगळं त्या अशा सांगायच्या की जणू हवामान सांगताहेत. चिडायचे मी.

"तुम्हाला राग नाही येत?"

"यायचा. त्यानं हात थरथरतो."

आणि आता तर हातही नव्हता उपयोगाचा. म्हणजे हात होता, डोळे गेले होते. नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता आणि कडाकडांनी तेवढं दिसायचं. म्हणून माझ्या कानाकडे बघायच्या. चेहरा दिसायला हवा असेल तर कानाकडे बघावं लागायचं. दोन वर्षांत एकही चित्र पुरं झालं नव्हतं.

मे महिन्यात बॅगशॉकाका त्यांच्याकडे केक घेऊन आले. मी तिथंच होते. म्हणाले, यंदाच्या विहिरीच्या फळ्याचं चित्र विनिफ्रेड, तू द्यावंस अशी समितीची इच्छा आहे. टीव्हीवाले येणार आहेत.

रेडफर्नबाईंनी केक टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी एकदा दिलं होतं. तुझ्या वडलांनी परत पाठवलं. बायबलात अशी माणसं नाहीत म्हणाले."

"काळ बदलला गं," बॅगशॉकाका म्हणाले आणि केक त्यांनीच कापला.

ते गेल्यावर बाईंनी माझा हात धरला. इतका घट्ट की मला वाटलं पडताहेत. "जिथं दिसली तिथंच," त्या म्हणाल्या. "हेस्टर, त्या विहिरीवरच. एवढं एक झालं तर मग बाकीचं नाही झालं तरी चालेल. पण माझे डोळे तुला व्हावं लागेल."

मी झाले. विहिरीचा फळा रंगवत नाहीत, तो शाकारतात. लाकडी चौकटीत मीठ घालून तुडवलेली चिकणमाती थापायची, कागदावरचं चित्र तिच्यावर ठेवून टाचणीनं टोचत न्यायचं, रेघांवर आल्डर झाडाची काळी बोंडं रोवायची आणि मग एकेक पाकळी दाबत भरायची. खालून वर, प्रत्येक रांग खालच्या रांगेवर थोडी चढलेली, म्हणजे पाऊस आला तर पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. माझे बाबा छपरं शाकारतात, दगडी कौलांची. त्यामुळे गावात पाकळ्या भरण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, आणि तेही हे विसरू देत नाहीत.

कागदावरचं चित्र आम्ही दोघींनी बाईंच्या जेवणघराच्या जमिनीवर काढलं. त्या गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, कोळशानं मोठ्या कडा ओढायच्या आणि म्हणायच्या, "मधलं तू बघ. खांदा घसरला का? वर घे. अजून. त्याला ओझं नाहीये, हेस्टर, तो शाळेत निघालेला नाही." नऊ माणसं काढली. चेहऱ्यांसाठी त्यांच्या बागेतल्या ऑनेस्टी नावाच्या फुलझाडाच्या शेंगा ठरल्या. त्यांची साल सोलली की आत चांदीचा पातळ पापुद्रा निघतो, नखाएवढ्या चंद्रासारखा. मागच्या शरदात त्यांनी टोपलीभर सोलून ठेवल्या होत्या. नुसत्या बोटांनी, न बघता. तेव्हा त्यांना कुणी फळा दिलेलाही नव्हता.

"मग कशासाठी सोलल्या?" मी विचारलं.

"वाट बघायला काहीतरी हातात लागतं," त्या म्हणाल्या.

बुधवारी गावाच्या हॉलमध्ये भरायला सुरुवात झाली. फळा टेबलांवर आडवा, चारी बाजूंनी माणसं, मधे फुलांची घमेली, चहाची किटली अखंड. खालच्या बाजूचं गवत, पाय, झगे झाले. गुरुवारी छातीतले दिवे झाले, झेंडूच्या पाकळ्यांचे, आणि खरं सांगते, क्लेमीसुद्धा टिंगल करायची थांबली. "बघवत नाही इतकं छान आहे," ती म्हणाली, "विनीबाईंना हे आतून दिसायचं? मग डोकं दुखत असेल."

चेहरे राहिले शुक्रवारवर, कारण चेहरे वरती. आणि शुक्रवारी माझा रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर.

सकाळी जाताना मी सगळ्यांना सांगून गेले. बाबांना सांगितलं, बॅगशॉकाकांना सांगितलं. चेहऱ्यांना चांदीच्या शेंगा, टोपली त्या खिडकीत आहे, डोळ्यांना काळी बोंडं, बाकी काही नाही. "जा बाई जा," बाबा म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून भरतोय मी पाकळ्या."

पेपर बरा गेला. मी बसमधून उतरले, चिप्स घेतल्या, नेल आणि क्लेमीबरोबर खात खात हॉलमध्ये शिरले. फळा पुरा झाला होता. लोक मागे सरून बघत होते, कुणी फोटो काढत होतं.

नऊच्या नऊ माणसं हसत होती.

लाल जिरेनियमच्या पाकळ्या. कानापासून कानापर्यंत. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर असतात तशी तोंडं. टेकडीच्या पोटातून, छातीत दिवा घेऊन, ऐकत ऐकत आलेली माणसं, आणि आता असं वाटत होतं की त्यांना लॉटरी लागलीये.

माझ्या हातातल्या चिप्स नेलनं काढून घेतल्या, म्हणून खाली पडल्या नाहीत.

"ही कुणी लावली?"

"तोंडं होय?" बॅगशॉकाका म्हणाले. ते खुशीत होते. "अगं, राहूनच गेली होती कागदावर. विनिफ्रेडची नजर अशी, बिचारी विसरली असणार. आम्ही घेतली सांभाळून."

"विसरल्या नाहीत. त्यांच्या कुठल्याच चित्रात तोंडं नाहीत. शाळेतल्या चित्रात नाहीत. तुमच्या त्या फडक्यांवर नाहीत. तुम्ही फडकी विकता पोस्टात, कधी बघितली नाहीत?"

"हेस्टर, जरा आवाज," कुणीतरी मागून म्हणालं.

"बघ पोरी," बॅगशॉकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. "लंडनला चालत असेल तसं. इथं लहान मुलं येतात, म्हातारी माणसं येतात. उद्या टीव्ही आहे. सणाच्या दिवशी विहिरीवर भुतं कशाला? जरा हसती असली तर कुणाचं काय गेलं?"

"मग तुमचं चित्र लावायचं होतं. टीव्हीला सांगा, चित्र बॅगशॉंचं. त्यांचं नाव कशाला घालता?"

मी बाबांकडे बघितलं. ते घमेल्याशी उभे होते आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याला लाल डाग होता. तसं मला ते आधीच कळायला हवं होतं. इतक्या सारख्या, इतक्या कोरीव रांगा मॅपरडेलमध्ये दुसरं कोण भरणार.

"बाबा, तुम्ही?"

"सगळ्यांचं म्हणणं पडलं गं," बाबा म्हणाले. "आणि मला वाटलं, बरी दिसतील."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी खिडकीतली टोपली बघितली, तीही रिकामी होती. मी वरच्या गल्लीची वाट धरली. क्लेमी मागून ओरडली, "आम्ही येऊ का?" मी नाही म्हणून मान हलवली. असं काही सांगायला तिघींनी जायचं नसतं.

रेडफर्नबाई उद्याचे बूट पुसत होत्या. खुर्चीच्या पाठीवर निळा कोट इस्त्री करून टांगलेला. मला वाटलं खोटं बोलावं. पण त्यांनी पावलांवरूनच ओळखलं.

"काय केलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"सगळ्यांना लावली?"

"सगळ्यांना."

"वाकलेल्या बाईलाही?"

"तिला सगळ्यात मोठं."

त्यांनी बूट खाली ठेवला. मला वाटलं रडतील, किंवा नेहमीसारखं काहीतरी तिरकं बोलतील. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"त्या दिवशी विहिरीवरून घरी पळत आले," त्या म्हणाल्या, "आणि आईला सगळं सांगितलं. टेकडीचं, दिव्यांचं. जग तिथंच विसरले होते. आईला वाटलं जग फोडला आणि आता गोष्टी रचतेय. तिनं मला मोरीशी नेलं आणि कपडे धुवायच्या साबणानं माझं तोंड धुतलं. आतून. खोटं बोलणाऱ्या पोरींचं धुवायचे तेव्हा. जग दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून दिला. धड होता."

"मग आईनं माफी मागितली?"

"आया कुठं मागतात?" त्या जराशा हसल्या. "तिनं त्या रात्री मला दुधात मध घालून दिला. तीच माफी. पण मी ते पुन्हा कुणाला तोंडानं सांगितलं नाही. काढत राहिले." त्यांनी कोटाची बाही चाचपली, इस्त्री नीट बसली आहे का बघावी तशी. "असू दे, हेस्टर. आठवड्यात माती वाळेल, सगळं गळून पडेल. मी उद्या येत नाही खाली. गुडघा दुखतोय म्हणून सांग."

असू दे. त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी त्या बुटाची जोडी भिंतीवर फेकायला हवी होती. साठ वर्षांपूर्वी तुमचं बायबलात नाही म्हणून परत, आता तुमचं टीव्हीवर जातंय म्हणून सुधारून, आणि मधल्या काळात कस्टर्ड वाढा. आणि त्या म्हणतात असू दे, गुडघा दुखतोय म्हणून सांग. खोटं बोलल्याबद्दल साबणानं तोंड धुतलेल्या बाईला गावानं शेवटी खोटं बोलायला लावलं. तेही माझ्या तोंडून.

"बाई, त्या शेंगा उरल्यात का अजून?"

"जिन्याखाली एक डबा आहे. पेरायला ठेवलाय. का?"

"सहज," मी म्हणाले, आणि जाताना डबा उचलला. चांगला भरलेला होता.

घरी आले तेव्हा टेबलावर मटणाचा पाय होता आणि कुणी खात नव्हतं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, जूनमध्ये आमच्याकडे ते जातच नाही. दारामागे माझा उद्याचा झगा लटकत होता. आई स्वतः एके काळी विहिरीची राणी होती, तिचाच मखमली झगा तिनं महिनाभर खपून माझ्या मापाचा केला होता, काठाला पांढरी लोकर लावून.

"गाव फोनवर फोन करतंय," आई म्हणाली. "हॉलमध्ये वडलांचा अपमान केलास म्हणे."

"मी विचारलं कुणी लावली. उत्तराला अपमान म्हणतात हे मला माहीत नव्हतं."

"हे बघ, ही भाषा."

"राहू दे गं, मॅरियन," बाबा म्हणाले. ते ताटाकडे बघत होते. "हेट, ऐक. मला बाईंना दुखवायचं नव्हतं. मी लहान होतो तेव्हा त्या मला दुसऱ्यांदा कस्टर्ड वाढायच्या, बाकीच्यांना नाही. मी खरंच ते तोंडाचं कधी बघितलं नव्हतं नीट. बॅगशॉ म्हणाला राहिलंय, मी भरलं. छपरात भोक दिसलं की मी भरतो. बाकी काही डोक्यात नव्हतं."

"आता कळलं ना?"

"आता कळलं. पण आता काय? खालून वर भरलंय सगळं. तोंड काढायचं तर त्याच्यावर नाक चढलंय, नाकावर डोळे, डोळ्यांवर कपाळ, वर केस. एक रांग मधूनच उपटशील तर सगळा चेहरा फाटेल. मागच्या आठवड्यात विकरेजचं, पाद्र्यांच्या घराचं छप्पर बघितलंस ना, एका फुटक्या कौलासाठी माथ्यापासून उचलत आणावं लागलं. नऊ चेहरे आहेत. उद्या अकराला मिरवणूक."

"म्हणजे होतं," मी म्हणाले.

"काय होतं?"

"माथ्यापासून उचलत आणलं तर होतं. माती ओली आहे. मीठ घातलंय."

बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. आईनं आधी माझ्या हातातला डबा बघितला, मग दारामागचा झगा, आणि तिचा चेहरा उतरला. कारण झगा तिचा होता, आणि तिनं मला तो घालताना बघायची वाट तारा निघायच्याही आधीपासून बघितली होती. तिच्यावर माझा राग नव्हता. पण जगात एखादी गोष्ट बरोबर करायची तर कुणाला तरी वाईट वाटतंच, आणि आजवर दर वेळी ते एकाच घरात वाटत आलं होतं, वरच्या गल्लीत शेवटच्या.

"हेस्टर," आई हळू म्हणाली, "तू काय ठरवलंयस?"

मी डबा टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. बसून सांगायची गोष्ट नव्हती ती.

"आई, बाबा, उद्या मी मुकुट घालणार आहे. झगा घालणार आहे, मिरवणुकीत चालणार आहे, सगळ्यांना हात करणार आहे. पण विहिरीवरचा पडदा राणीनं ओढल्याशिवाय फळा कुणाला दिसत नाही, आणि त्या नऊ हसऱ्या तोंडांवरून मी तो ओढणार नाही. मी आत्ता हॉलमध्ये चाललेय. केसांपासून खाली सगळं उचलून, तोंडं काढून, शेंगा पुन्हा भरणार. क्लेमी आणि नेलला मी वाटेतच कळवलंय, त्या चिमटे घेऊन निघाल्यात. अकराला झालेलं असलं तर वर जाऊन बाईंना हाताला धरून आणीन आणि पडदा त्या ओढतील. नसलं झालेलं, तर पडदा तसाच राहील आणि का राहिला ते मी टीव्हीवाल्यांना सांगेन, बॅगशॉकाकांच्या नावासकट. बाबा, हॉलची किल्ली तुमच्या कोटात होती. ती मी घेतलीये."